माल जप्त, माणूस मोकळा

५ फेब्रुवारी १९०८ रोजी मकावजवळच्या समुद्रात चिनी अधिकाऱ्यांनी ‘तात्सु मारू’ हे जपानी जहाज पकडले. जहाजावर रायफली आणि काडतुसे होती. हा माल क्रांतिकारकांच्या हाती जाणार असा दाट संशय होता, आणि शस्त्रांची खासगी आयात तर तहांनीच निषिद्ध ठरवलेली होती. अधिकाऱ्यांनी जपानचा झेंडा उतरवून चीनचा चढवला आणि जहाज कँटनकडे नेले. जपानने तीव्र निषेध केला. पोर्तुगालने ते पाणी आपले असल्याचा दावा केला. मार्चच्या मध्यापर्यंत चीनला सगळे मान्य करावे लागले: जहाज सोडणे, झेंड्याच्या अपमानाबद्दल माफी, तोफांची सलामी आणि शस्त्रांची किंमत भरणे. कँटनचे व्यापारी पेटून उठले आणि त्यांनी जपानी मालावर बहिष्कार पुकारला. चीनमधला हा पहिला मोठा जपानविरोधी बहिष्कार.

चोरटा माल पकडणाऱ्यालाच माफी मागावी लागली, हे कसे घडले? या घटनेत तीन प्रश्न एकात एक गुंतले होते. पाणी कोणाचे, झेंडा कोणाचा, आणि निवाडा करायला कोण बसणार? नानकिंगच्या तहापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत चीनच्या जकात खात्याची तस्करीविरुद्धची सगळी झुंज याच तीन प्रश्नांभोवती फिरली. या विषयावर आता बरेच संशोधन झाले आहे. पण त्यातला मोठा भाग खात्याच्या परदेशी अधिकाऱ्यांच्या कर्तृत्वाभोवती किंवा त्यांच्या साम्राज्यवादाभोवती घुटमळतो. मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती अधिकाराची वाटणी. तहांनी चीनकडे मालावरचा अधिकार ठेवला आणि माणसावरचा काढून घेतला. पुढच्या शंभर वर्षांत जे घडले, त्यातले बरेचसे या एका वाटणीतून निघते.

सुरुवात अफूपासून करावी लागते, आणि अफूची सुरुवात आपल्या बाजूने. बंगाल-बिहारमधली अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीत होती. माळव्याची अफू मात्र होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात पिकायची. ती कंपनीच्या हाताबाहेरून पश्चिम किनाऱ्याला जायची, पोर्तुगीजांच्या दमणहून जहाजात चढायची आणि चीनला पोचायची. कंपनीच्या लेखी ही सरळ तस्करी होती. ती थांबवण्यासाठी कंपनीने १८२० च्या दशकात माळवा आणि राजपुतान्यातल्या संस्थानांशी करार केले. होळकरांनी मान्यता दिली, शिंद्यांनी दिली नाही. बंदोबस्त टिकला नाही आणि माल राजस्थान-सिंधमार्गे कराचीला आणि तिथून दमणला जाऊ लागला. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने बंदीचा नाद सोडला आणि मुंबईमार्गे जाणाऱ्या अफूला पैसे घेऊन परवाने द्यायला सुरुवात केली. दर पेटीमागे १७५ रुपये होता. दमणची वाट स्वस्त पडत असल्यामुळे १८३५ मध्ये तो १२५ वर आणावा लागला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली, आणि मग हाच दर चढत चढत १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेला.

हे आकडे वाचकाने लक्षात ठेवावेत. गळती बुजवण्याची सत्ता हाती आली की कर तिप्पट करता येतो, हे कंपनीने स्वतःच्या मुलखाच्या कडेला करून दाखवले. चीनने हीच सत्ता मागितली तेव्हा तिला आडवे आले ते याच कंपनीचे सरकार आणि याच व्यापारातले व्यापारी. जमशेटजी जीजीभॉय यांची जार्डिन मॅथेसन कंपनीशी असलेली भागीदारी, किंवा मूळ गोव्याचे मुंबईकर व्यापारी रोजेरिओ द फारिया यांचे दमणशी असलेले संबंध, या गोष्टी मुंबईच्या इतिहासात आता उघडपणे लिहिल्या जातात, आणि जायलाच हव्यात. लिन झेशू या आयुक्ताने १८३९ मध्ये कँटनच्या परदेशी व्यापाऱ्यांकडून २० हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेऊन हुमेन इथे नष्ट केल्या, त्यांत माळव्याची अफूही होती.

त्यानंतरचे युद्ध आणि २९ ऑगस्ट १८४२ चा नानकिंगचा तह सर्वांना ठाऊक आहे. कँटन, अमॉय, फूचाऊ, निंगपो आणि शांघाय ही पाच बंदरे उघडली, हाँगकाँग गेले, कँटनच्या ‘हाँग’ म्हणजे सरकारमान्य व्यापाऱ्यांची मक्तेदारी संपली. ज्या अफूवरून युद्ध पेटले, तिच्या व्यापाराबद्दल तहात कलम नाही. ती बेकायदाच राहिली आणि बंदरांच्या तोंडाशी नांगरलेल्या गोदामी जहाजांतून खुशाल विकली जात राहिली. १८४३ च्या पुरवणी करारांनी आणखी तीन गोष्टी आणल्या. जकातीचा दर साधारण ५ टक्क्यांवर बांधला गेला. इंग्रज माणसावर इंग्रजी कायदा चालेल आणि त्याचा न्याय इंग्रज कॉन्सल करील, हे ठरले. आणि एका राष्ट्राला मिळालेली सवलत इतरांनाही आपोआप मिळेल, अशी सोय झाली.

त्या करारांत कॉन्सलवर एक कर्तव्यही टाकलेले होते. आपल्या लोकांची तस्करी कळली तर त्याने ती चिनी अधिकाऱ्यांना कळवायची. काही इंग्रज कॉन्सलांनी ते मनापासून केले. परिणाम उलटा झाला. इंग्रज व्यापाऱ्याला पूर्ण जकात भरावी लागे आणि शेजारच्या दुसऱ्या देशाच्या व्यापाऱ्याला, ज्याचा कॉन्सल स्वतःच व्यापारी असे, ती चुकवता येई. १८५१ मध्ये ब्रिटिश सरकारने कॉन्सलांना या कामातून मोकळे केले. अमेरिकेने १८४४ च्या वांगशिया तहातल्या ३३ व्या कलमात अफू किंवा निषिद्ध मालाचा व्यापार करणाऱ्या आपल्या नागरिकाला चीन सरकारने हाताळावे, अमेरिका त्याला पाठीशी घालणार नाही, असे लिहून दिले. कलम स्वच्छ होते. ते वापरण्याची ताकद किनाऱ्यावरच्या चिनी अधिकाऱ्याकडे नव्हती.

मग १८५३ च्या सप्टेंबरात शांघायचे चिनी शहर ‘छोटी तलवार’ या बंडखोर संघटनेने घेतले आणि तिथली जकात कचेरी बंद पडली. बंदर चालू, जहाजे येत-जात, आणि जकात घ्यायला कोणी नाही. काही महिन्यांच्या गोंधळानंतर १२ जुलै १८५४ रोजी इंग्रज, अमेरिकन आणि फ्रेंच असे तीन निरीक्षक नेमले गेले. तात्पुरत्या म्हणून आलेल्या या सोयीतून चीनचे सागरी जकात खाते उभे राहिले. १८६३ मध्ये रॉबर्ट हार्ट त्याचे महानिरीक्षक झाले आणि जवळपास अर्धशतक त्यांचीच छाप खात्यावर राहिली. १८६४ च्या एका परिपत्रकात हार्टनी आपल्या परदेशी सहकाऱ्यांना बजावले की हे खाते चीनचे आहे आणि आपण चिनी सरकारचे नोकर आहोत. याची कायदेशीर कसोटीही लागली. फॉन गुम्पाख या प्राध्यापकाने हार्टवर शांघायच्या इंग्रज न्यायालयात दावा लावला तेव्हा प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि १८७३ मध्ये निकाल हार्टच्या बाजूने लागला. तो दावा तस्करीचा नव्हता. पण चिनी सरकारसाठी काम करणाऱ्या इंग्रजाला कॉन्सली न्यायालयात कितपत खेचता येईल, हा प्रश्न जकात अधिकाऱ्यांच्या रोजच्या कामाशी थेट जोडलेला होता.

तहांमध्ये तस्करीविरुद्ध कलमे नव्हती असे कोणाला वाटेल, तर ते चूक आहे. १८५८ च्या तिएन्त्सिनच्या ब्रिटिश तहाची ४६ ते ४९ ही कलमे एका दमात वाचावीत. महसुलाची फसवणूक रोखण्यासाठी चिनी अधिकाऱ्यांनी योग्य वाटतील ते उपाय योजावेत. उघडलेली बंदरे सोडून इतरत्र चोरटा व्यापार करणारे ब्रिटिश जहाज मालासकट जप्त व्हावे. तस्करीचा माल, किंमत कितीही असो, जप्त करावा आणि जहाजाला पुढचा व्यापार बंद करावा. दंड आणि जप्तीचे उत्पन्न चीन सरकारचे.

बंदरातला रोजचा व्यवहारही चीनच्या अगदीच विरोधात नव्हता. जहाज नांगरले की २४ तासांच्या आत त्याची कागदपत्रे कॉन्सलकडे जमा होत. कॉन्सल जहाजाचे नाव, वजन आणि मालाचा तपशील जकात कचेरीला कळवी. खोटी मालयादी दिली तर कप्तानाला ५०० ताएल (चांदीच्या वजनावरचे चिनी चलन) दंड, मात्र २४ तासांत चूक दुरुस्त केली तर माफी. परवान्याशिवाय माल उतरवला तर दंडही आणि मालही जप्त. सगळी जकात भरली की कचेरी निर्गमनाचा दाखला देई, तो दाखवल्याशिवाय कॉन्सल जहाजाचे कागद परत देत नसे. कागदाशिवाय जहाज पुढच्या बंदरात उभे राहू शकत नव्हते. म्हणजे कॉन्सल आणि जकात अधिकारी यांचे जमले, तर या साखळीतून निसटणे सोपे नव्हते. मोठ्या आगबोटींच्या बाबतीत ही व्यवस्था चांगली चालली, आणि ते श्रेय हार्टच्या खात्याला द्यायला हवे.

पण या सगळ्यात माणूस कुठेच नाही. माल चीनच्या ताब्यात जाई. तो आणणाऱ्यावर खटला भरायचा तर तो कॉन्सलच्या न्यायालयात. जप्तीचा वाद झाला तर काय करायचे, यावर कित्येक वर्षे तंटे झाले आणि १८६८ मध्ये संयुक्त चौकशीचे नियम ठरले. जप्तीची तक्रार आली की जकात अधीक्षक आणि कॉन्सल दोघे जकात कचेरीत एकत्र बसून ऐकणार. दोघांचे पटले नाही तर प्रकरण पेकिंगला, चिनी परराष्ट्र कचेरी आणि त्या देशाचा राजदूत यांच्यासमोर. प्रश्न दंडाचा असेल तर सुनावणी कॉन्सलच्या न्यायालयात, जकात अधिकारी सोबतीला. नियम व्यवहार्य होते आणि दीर्घकाळ वापरले गेले, त्यामुळे बहुतेक इतिहासकार त्यांना तडजोडीचा चांगला नमुना मानतात. मला त्यांची दुसरी बाजू जास्त टोचते. एकाच बोटीतून, एकाच रात्री, एकाच मालासह पकडलेल्या दोघांपैकी परकीयाला सुनावणी होती, अपील होते, त्याच्या बाजूने बोलणारा अधिकारी होता. चिनी माणसाला यांपैकी काहीही नव्हते.

म्हणूनच परकी झेंड्याला बाजारभाव आला. हाँगकाँगमध्ये नोंदणी करून चिनी मालकाच्या बोटीवर ब्रिटिश झेंडा लावता येई. ‘अ‍ॅरो’ ही अशीच एक लोर्चा होती, विलायती सांगाड्याची आणि चिनी शिडांची. मालक चिनी, खलाशी चिनी, कप्तान नावापुरता इंग्रज राज्याचा प्रजाजन. ८ ऑक्टोबर १८५६ रोजी कँटनच्या अधिकाऱ्यांनी चाचेगिरीच्या संशयावरून तिच्यावरचे १२ खलाशी पकडले. तिचा परवाना त्याआधीच संपलेला होता आणि हाँगकाँगच्या गव्हर्नरला ते समजलेही होते. तरी झेंड्याच्या अपमानाचे निमित्त करून दुसरे अफूयुद्ध सुरू झाले. त्या युद्धादरम्यान झालेल्या १८५८ च्या जकात करारात अफू दर पिकलला ३० ताएल भरून कायदेशीर झाली. पिकल म्हणजे सुमारे साठ किलो.

झेंड्यासारखाच पासही विकला जाई. परकी मालाने बंदरावर जकातीच्या निम्मी, म्हणजे अडीच टक्के, रक्कम आगाऊ भरली तर आतल्या नाक्यांवरचा ‘लीजिन’ हा कर माफ. मग चिनी व्यापारी परकी नावाने पास काढू लागले. बंगालमध्ये कंपनीच्या नोकरांनी दस्तकांचे, म्हणजे जकातमाफीच्या परवान्यांचे, जे केले, ते आठवावे. तिथला नवाब मीर कासिम याने शेवटी वैतागून सर्वांचीच जकात रद्द केली होती. चिनी प्रांतांना ते परवडण्यासारखे नव्हते, कारण तैपिंग बंडानंतर त्यांचा खर्च लीजिनवरच चालत होता.

या सगळ्या इतिहासात सर्वांत बारकाईने पाहण्यासारखा भाग आहे हाँगकाँग-मकावचा. हाँगकाँग मुक्त बंदर होते. तिथून चिनी शिडाच्या जंक बोटी अफू घेऊन समोरच्या किनाऱ्यावरच्या असंख्य खाड्यांत शिरत. या बोटी हार्टच्या खात्याच्या कक्षेत येत नव्हत्या, ते खाते विलायती बांधणीच्या जहाजांपुरते. म्हणून १८६८ च्या सुमारास कँटनच्या अधिकाऱ्यांनी हाँगकाँगभोवती नाकी बसवली आणि गस्ती बोटी फिरवल्या. हाँगकाँगचे व्यापारी त्याला ‘नाकेबंदी’ म्हणून ओरडू लागले. स्वतःच्या पाण्यात, स्वतःच्या प्रजेच्या बोटींकडून, स्वतःचा कर घेणे ही त्यांना नाकेबंदी वाटली. तक्रारी लंडनपर्यंत गेल्या. १८७६ च्या चीफू करारात तोडग्याचे आश्वासन मिळाले, पण त्यातल्या अफूच्या कलमाची अंमलबजावणी जवळजवळ दशकभर लोंबकळली. हिंदुस्थान सरकारला आपल्या अफू उत्पन्नाची काळजी होती, हे त्या विलंबाचे एक मोठे कारण. अखेर १८८५ च्या पुरवणी कलमाने ठरले की अफूवर ३० ताएल जकात आणि ८० ताएल लीजिन असे ११० ताएल बंदरावरच एकत्र घ्यायचे, पुढे आत कुठे कर नाही.

पण हे सफल व्हायचे तर हाँगकाँगमधून पेटी फोडून किरकोळ अफू बाहेर जाता कामा नये. सप्टेंबर १८८६ मध्ये हार्ट हाँगकाँगला जाऊन बसले आणि करार झाला: कच्च्या अफूच्या हालचालीवर हाँगकाँग कायद्याने लक्ष ठेवील, बदल्यात आसपासची नाकी हार्टच्या खात्याकडे येतील. हाँगकाँगची एकच अट होती. मकावनेही हेच करावे, नाहीतर सगळा धंदा तिकडे जाईल. अट रास्त होती. मकाव पोर्तुगीजांकडे होते. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत चाले आणि त्याचे नेमके स्थान कधीच तहाने ठरलेले नव्हते. १८६२ चा तह याच प्रश्नावर अडून कायम झाला नाही. आता पोर्तुगालने सहकार्याची किंमत सांगितली. हार्टचे लंडनमधले प्रतिनिधी जेम्स डंकन कॅम्पबेल यांनी वाटाघाटी केल्या, मार्च १८८७ मध्ये लिस्बनला मसुदा झाला आणि १ डिसेंबरला पेकिंगला तह. पोर्तुगालने अफूच्या वसुलीत मदत करायची, चीनने मकाववरचा पोर्तुगालचा ‘कायमचा ताबा आणि राज्यकारभार’ मान्य करायचा.

१८८७ मध्ये कौलून आणि लाप्पा ही दोन नवी जकात केंद्रे सुरू झाली आणि अफूचा महसूल खरोखर वाढला. खात्याच्या इतिहासात हे मोठे यश म्हणून नोंदले जाते. पण व्यवहार नीट पाहिला तर काय दिसते? आपल्याच किनाऱ्यावर आपलाच कर वसूल करण्यासाठी चीनने भूभागावरचा हक्क मोजला. आणि सीमा तर तेव्हाही आखली नाही, ‘सध्या आहे तसे’ म्हणून सोडली. एकवीस वर्षांनी ‘तात्सु मारू’ पकडले गेले तेव्हा ते पाणी पोर्तुगालचे की चीनचे हे कोणाला सांगता येईना, ते यामुळे.

भाडेपट्ट्याच्या प्रदेशांनी हाच घोळ वाढवला. १८९८ मध्ये ब्रिटनने हाँगकाँगलगतचा मोठा मुलूख ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला. त्या मुलखातली चिनी जकात नाकी १८९९ मध्ये उठवून नव्या हद्दीवर न्यावी लागली आणि गस्त घालायची रेषा लांबच लांब झाली. जर्मनांच्या चिंगदाओत आणि १९०७ पासून जपानच्या दाइरेनमध्ये चिनी जकात कचेरी चालू राहिली, पण तिचा प्रमुख त्या त्या देशाचाच माणूस असावा या बोलीवर. हे किती धोक्याचे होते ते १९३२ मध्ये कळले. मांचुरियात जपानने मांचुकुओ उभे केल्यावर दाइरेनच्या जपानी आयुक्ताने महसूल शांघायला पाठवायचे थांबवले. महानिरीक्षक फ्रेडरिक मेझ यांनी त्याला बडतर्फ केले. आयुक्त गेला आणि कचेरीही हातची गेली.

१९११ च्या क्रांतीनंतरच्या दोन दशकांचा तपशील इथे नको. परदेशी कर्जे आणि नुकसानभरपाई भागवण्यासाठी महसुलाची तिजोरीच परकी देखरेखीखाली गेली, आणि दर वाढवण्याच्या परिषदा भरत व विरत राहिल्या. खरा बदल झाला तो नानकिंगमधल्या राष्ट्रवादी सरकारच्या काळात. जुलै १९२८ मध्ये अमेरिकेने, डिसेंबरात ब्रिटनने आणि मे १९३० मध्ये जपानने चीनचा जकात दर स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. १ फेब्रुवारी १९२९ पासून नवे दर लागले आणि पुढे वाढत गेले. १९३१ मध्ये लीजिन रद्द झाला. केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग आता जकातीतून येऊ लागला.

आणि तस्करी भडकली. ५ टक्के जकात चुकवायला कोणी जीव धोक्यात घालत नाही. तीच ४०-५० टक्क्यांवर गेली की साखर, रॉकेल, कृत्रिम रेशीम आणि सिगारेटचा कागद यांची रात्रीची वाहतूक हा किफायतीचा उद्योग होतो. इथे कंपनीच्या मुंबईतल्या दराची पुन्हा आठवण होते. कंपनीने आधी सिंधची वाट बंद केली, मग दर चढवला. चीनला दर चढवण्याचा हक्क मिळाला, वाटा बंद करण्याचा मिळाला नाही. परकीयांवर खटला भरता येत नव्हता, हाँगकाँग, मकाव आणि दाइरेन परक्यांच्या हाती होते. अर्ध्या सार्वभौमत्वाचा हा परिणाम पुस्तकांत बऱ्याचदा ‘दर फार वाढवले म्हणून तस्करी वाढली’ एवढ्यावर मिटवला जातो. जपान सरकारही त्या काळी नेमके हेच सांगत होते.

सरकार हातावर हात ठेवून बसले नव्हते. १९३१ मध्ये जकात खात्यात तस्करीप्रतिबंधक विभाग निघाला, गस्ती नौका आल्या, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत तपासणीचा हक्क जाहीर झाला. अमेरिका दारूच्या तस्करांविरुद्ध अशीच तपासणी करत होती. तरी चीनने तेच केले तेव्हा जपानने हरकत घेतली.

सर्वांत वाईट अवस्था उत्तर चीनमध्ये झाली. मे १९३३ च्या तांगकू युद्धबंदीने चिनी भिंतीच्या दक्षिणेला निर्लष्करी पट्टा तयार झाला. तस्करांना याहून चांगली जागा मिळणे शक्य नव्हते. १९३४ मध्ये अमेरिकेच्या चांदी खरेदीमुळे चांदीचा भाव चढला. चीनने त्या ऑक्टोबरात चांदीच्या निर्यातीवर कर बसवला, तशी चांदी चोरून बाहेर जाऊ लागली. १९३५ मध्ये जपानी लष्कराच्या दबावाखाली त्या भागातल्या जकात गस्तीला शस्त्रे उतरवावी लागली. मग वाहतूक उलट्या दिशेने सुरू झाली. दाइरेनहून आलेल्या बोटी उघड्या किनाऱ्यावर साखरेची पोती आणि रेशमाची खोकी उतरवत, आणि जपानी व कोरियन टोळ्या तो माल रेल्वेने, प्रवाशांच्या डब्यांतूनसुद्धा, तिएन्त्सिनला नेत. जकात शिपायाने अडवले तर मारहाण. पकडलाच कोणी तर त्याला जपानी कॉन्सलच्या हवाली करायचे, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फलाटावर. नोव्हेंबर १९३५ मध्ये यिन रुकंगच्या नेतृत्वाखाली पूर्व होपेचे बाहुले सरकार निघाले. त्याने चिनी जकातीच्या सुमारे एक चतुर्थांश ‘तपासणी शुल्क’ घेऊन मालाला रीतसर वाट दिली. ऑगस्ट १९३५ ते एप्रिल १९३६ या नऊ महिन्यांत चीनचा सुमारे अडीच कोटी डॉलर महसूल बुडाला. ब्रिटन आणि अमेरिकेने निषेध नोंदवले, कारण जकातीच्या तारणावर त्यांची कर्जे होती. पण ज्या कॉन्सली अधिकारामुळे हे शक्य झाले, तो सोडायला त्यांच्यापैकी कोणी तेव्हा तयार झाले नाही.

१९३४ च्या जून महिन्यात नानकिंगने तस्करीप्रतिबंधक कायदा केला. जहाज, माल, वाहतूक, साठवण, झडती, दंड, अपील या सर्वांची त्यात सविस्तर तरतूद होती. आधुनिक राज्याचा कायदा म्हणून तो कौतुकास्पद आहे. फिलिप थाई यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात या कायद्याचे खालचे टोक दाखवले आहे, आणि माझ्या मते या विषयावरचे गेल्या काही वर्षांतले हेच सर्वांत महत्त्वाचे काम. पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर मीठ-साखर-कापडाची छोटी ने-आण करणारे कोळी आणि फेरीवाले एका फटक्यात गुन्हेगार ठरले. कायद्याची पूर्ण धार त्यांच्यावर उतरली, कारण त्यांच्या पाठीशी कॉन्सल नव्हता. थाई हे राज्यसत्तेच्या विस्ताराचे लक्षण मानतात. मी त्यात एवढीच भर घालीन की तहांनी परकीयाला दिलेले संरक्षण गरीब चिनी माणसाने आपल्या दंडातून भरून काढले.

या विषयाचे जुने अभ्यासक म्हणजे स्टॅन्ली राइट. ते स्वतः खात्यातले, म्हणून त्यांचे तपशील अचूक आणि सूर बचावाचा. फेअरबँक यांनी १९५३ मध्ये तहबंदरांचा पाया कसा पडला हे दाखवले. चेन शिची यांनी हाच इतिहास चीनच्या बाजूने लिहिला. हान्स फान द फेन यांनी २०१४ मध्ये खात्याला सरकारातले सरकार म्हणून पाहिले. अमर फारुकी यांनी माळव्याच्या अफूची कथा मांडली. परकी खाते साम्राज्याचे हत्यार होते की चीनच्या आधुनिकतेची पायरी, हा वाद या सर्वांत फिरत राहतो. माझा कौल असा: जहाजांवरची जकात त्या खात्याने प्रामाणिकपणे आणि कुशलतेने गोळा केली, आणि तस्करीपुढे ते जिथे जिथे हरले, तिथे कारण खात्यात नव्हते, तहात होते. ११ जानेवारी १९४३ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने कॉन्सली अधिकार सोडले. जानेवारी १९४८ मध्ये हाँगकाँगच्या सरकारशी करार होऊन चिनी जकात नौकांना तिथल्या ठरावीक पाण्यात गस्तीची परवानगी मिळाली. हार्टने १८८६ मध्ये जे मकावच्या बदल्यात विकत घेतले, त्याहून अधिक या वेळी भूभाग न देता मिळाले. पुढच्याच वर्षी राज्य बदलले.

या शंभर वर्षांचे चिनी टोक नानकिंगच्या पुराभिलेखागारात जकात खात्याच्या हजारो फायलींतून वाचले जात आहे. हिंदी टोक मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारातल्या अफू आणि महसूल खात्याच्या दप्तरांत आणि पणजीच्या अभिलेखागारातल्या मकावच्या पत्रव्यवहारात आहे. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या दरबारांचा या व्यापाराशी आलेला संबंध मराठीत अजून नीट लिहिला गेलेला नाही. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारे तरुण अभ्यासक आज महाराष्ट्रात आणि गोव्यात आहेत. त्यांनी हे काम हाती घ्यावे, आणि विद्यापीठांनी त्यांना त्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी.